छत्तीस टक्के म्हणजे नेमकी किती माणसं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी हे वाचक मेडिकल चालवतात. डी. फार्म. होऊन बरीच वर्षं झाली. एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, येतात आणि गुळगुळीत कागदावरचं लिटरेचर काउंटरवर ठेवून जातात. ॲटोर्वास्टॅटिन १० मिलिग्रॅम या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीच्या एका कागदावर मोठ्या अक्षरांत '३६ टक्के घट' असं आहे आणि खाली बारीक अक्षरांत 'पी' आणि 'सीआय'. त्यांना यातलं काही उमगत नाही, पण एमआरसमोर मान डोलवावी लागते. गावातले एक निवृत्त गुरुजी तोच कागद उचलून विचारतात, "काऊन जी भाऊ, हे गोळी घेतली म्हंजे अटॅक येतच नाही का?" त्यातच समोर जनऔषधी केंद्र उघडलं आहे. 'त्या गोळीत औषध वीस टक्के कमी असते म्हणे' हे खरं का, असं गिऱ्हाइकं विचारतात. वाचक लिहितात: 'डॉक्टरांना हे सगळं समजत असेल, मला नाही. गणित दहावीपासूनच कच्चं. खोटं सांगवत नाही आणि खरं माहीत नाही. गप्प बसावं, की एखादा कोर्स करावा?'

आधी तुमचं 'डॉक्टरांना समजत असेल' हे वाक्य घेऊ. अमेरिकेत २००७ साली मेडिसिनच्या २७७ निवासी डॉक्टरांची संख्याशास्त्राची परीक्षा घेतली गेली. नियतकालिकांत रोज दिसणाऱ्या संकल्पनांवरचेच प्रश्न होते. सरासरी गुण पडले ४१.४ टक्के. म्हणजे तुम्ही एकटे नाही, आणि तुमच्या चिठ्ठ्या लिहिणारे डॉक्टरही कदाचित तुमच्याच रांगेत असतील. फार्मासिस्टचं म्हणाल तर बी. फार्म.ला आठव्या सत्रात बायोस्टॅटिस्टिक्सचा एक पेपर असतो. डी. फार्म.ला स्वतंत्र पेपर तुमच्या वेळी नव्हता, आजही नाही. जे शिकवलंच नाही ते येत नाही म्हणून स्वतःला कच्चं ठरवायचं कारण नाही.

दुसरं गृहीतक जास्त आडवं येतं. पी आणि सीआय कळल्याशिवाय कागद वाचता येणार नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. कागद त्या टोकाकडून वाचायचाच नसतो. सुरुवात चार आकड्यांपासून करायची: औषध किती जणांना दिलं आणि त्यातल्या किती जणांना त्रास झाला, औषध न दिलेले किती होते आणि त्यातल्या किती जणांना त्रास झाला. जुन्या बिलाच्या पाठीवर मावेल एवढंच हे काम आहे. मोबाइलवर भागाकार आणि वजाबाकी येत असेल, आणि स्कीमचा हिशेब तर तुम्ही तोंडी करत असाल, तर हेही जमेल.

तुमच्या कागदावरचा ३६चा आकडा ओळखीचा आहे. तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली आलेल्या 'ॲस्कॉट' चाचणीतला. ॲटोर्वास्टॅटिन १० मिलिग्रॅम घेणारे ५,१६८ जण होते; त्यांतल्या १०० जणांना हृदयविकाराचा झटका आला किंवा हृदयविकारानं मृत्यू आला. नुसती दिसायला तशीच, आत औषध नसलेली रिकामी गोळी घेणारे ५,१३७, त्यांतले १५४. आता भागा. १०० भागिले ५,१६८, गुणिले १००: १.९४. दुसऱ्या बाजूचं ३.००. तीनाचे १.९४ झाले, म्हणजे जवळजवळ ३६ टक्के घट. कागद खोटं बोलत नाही. पण वजाबाकी केली तर फरक येतो १.०६, आणि १००ला १.०६नं भागलं की ९४. एका माणसाचा झटका टळावा म्हणून ९४ जणांनी गोळी घ्यायची. किती काळ? चाचणीचा मध्यक कालावधी ३.३ वर्षांचा होता, तो आकडा या ९४च्या शेजारी लिहायलाच हवा. काळ न सांगता सांगितलेला ९४ अर्धवट आहे.

गुरुजींना उत्तर असं देता येईल: "तुमच्यासारख्या शंभर जणांनी तीन-सव्वातीन वर्षं ही गोळी रोज घेतली, तर साधारण एकाचा झटका टळतो. दोघांना गोळी घेऊनही येतो. सत्त्याण्णव जणांना गोळी नसती तरी आला नसता." यात 'तुमच्यासारख्या' या शब्दावर सगळं अवलंबून आहे. ॲस्कॉटमधले लोक ४० ते ७९ वयाचे, रक्तदाबाचे रुग्ण होते, शिवाय प्रत्येकाला हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या आणखी किमान तीन गोष्टी होत्या. बहुतेक पुरुष, ब्रिटन, आयर्लंड आणि उत्तर युरोपातले. गुरुजींना रक्तदाब नसेल, तंबाखू नसेल, साखर नसेल, तर त्यांच्यासारख्यांत मुळात तीन झटके येणारच नाहीत, आणि मग ९४ हा आकडा फुगत जातो. उलट ज्याला एकदा झटका येऊन गेलाय किंवा स्टेंट बसलाय, त्याचा मूळ धोका कितीतरी जास्त. त्याच्यासाठी तेवढ्याच टक्क्यांच्या घटीतून अनेक पट जास्त माणसं वाचतात. टक्केवारी तीच राहून फायदा बदलतो. तुमच्या काउंटरवर एकच गोळी घेणारी ही दोन माणसं लागोपाठ उभी असतात, आणि दोघांना एकच उत्तर देणं चूक ठरेल.

मूळ धोका मोठा असला की काय होतं याचं उदाहरण शोधायला युरोपात जायला नको. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं गावातल्याच प्रशिक्षित बायांकडून घरोघर नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. तो १९९९ साली 'लॅन्सेट'मध्येच छापून आला. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या ३९ गावांत दर हजार जन्मांमागे २५.५ नवजात मृत्यू झाले, तुलनेच्या गावांत ५९.६. वजाबाकी हजारी ३४. म्हणजे साधारण २९ जन्मांमागे एक बाळ वाचलं. टक्क्यांत घट ॲस्कॉटच्या दुपटीहूनही कमी दिसते. माणसांत मोजली तर तिपटीहून जास्त.

नुकसानीचाही हिशेब याच चार आकड्यांनी होतो, आणि लिटरेचरवर तो सहसा नसतो. स्टॅटिनमुळे, म्हणजे ॲटोर्वास्टॅटिनच्या जातीच्या औषधांमुळे, मधुमेह होण्याचा धोका ९ टक्क्यांनी वाढतो, असं २०१० सालच्या तेरा चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात आढळलं. ऐकून गिऱ्हाईक घाबरेल. पण २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर एकाला जास्तीचा मधुमेह, असा तोच निष्कर्ष माणसांत येतो. फायदा टक्क्यांत आणि तोटा माणसांत सांगणं ही कागद छापणाऱ्यांची जुनी खोड आहे. तुम्ही दोन्ही एकाच मापानं सांगा.

आता पी आणि सीआय. 'पी ०.०३ म्हणजे औषध लागू पडण्याची ९७ टक्के खात्री' असं एमआर सांगतात आणि तसं मानणारे डॉक्टरही भेटतात. ते चूक आहे. औषधाचा काहीही परिणाम नसता, तरी निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, एवढंच पी सांगतो. फरक किती मोठा, किती कामाचा, हे त्यात नाही. हजारो लोकांवर चाचणी केली तर रक्तदाब सरासरी एका अंकानं उतरला तरी पी इवलासा येऊ शकतो. त्या एका अंकानं तुमच्या गिऱ्हाइकाला काय फरक पडणार?

सीआय म्हणजे 'कॉन्फिडन्स इंटर्व्हल': खरा आकडा ज्या दोन टोकांच्या दरम्यान असणं संभवतं तो पट्टा. तो जास्त कामाचा आहे. ॲस्कॉटमध्ये झटक्यांसाठीचा आकडा ०.६४ आणि त्याचा पट्टा ०.५० ते ०.८३. हा गुणोत्तराचा पट्टा आहे. १ म्हणजे दोन्ही गट सारखे. पट्ट्याची दोन्ही टोकं वाचायची: फायदा ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो, किंवा जेमतेम १७ टक्के. कागदावर मधला ३६च छापतात. याच चाचणीत कोणत्याही कारणानं झालेल्या एकूण मृत्यूंचा आकडा ०.८७ होता, पट्टा ०.७१ ते १.०६. इथे पट्टा १ ओलांडून जातो. म्हणजे या चाचणीपुरतं तरी, एकूण मृत्यू कमी झाले असं ठामपणे म्हणता येत नाही. 'फायदा नाही असं सिद्ध झालं' हेही म्हणता येत नाही. या दोन वाक्यांत गल्लत करणारे शिकलेले लोक पुष्कळ आहेत.

कागद हातात घेतल्यावर नजर आधी तळटिपेकडे जाऊ द्या. चाचणी कोणत्या औषधाची, किती ताकदीची, आणि कशाशी तुलना करून? दोन-तीन औषधं एका गोळीत असलेल्या कॉम्बिनेशनच्या कागदावर त्यातल्या एकाच घटकाची चाचणी दाखवलेली असते, हे फार वेळा होतं. अशी कॉम्बिनेशनं किती बिनआधार बाजारात येतात हे केंद्र सरकारच्या बंदीनंच दाखवलं: २०१६ साली ३४४ आणि फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८मध्ये ३२८. नव्या महाग गोळीची तुलना रिकाम्या गोळीशी केली असेल, तर जुन्या स्वस्त गोळीपेक्षा ती सरस आहे की नाही हे त्या चाचणीतून कळतच नाही. आलेखाच्या उभ्या रेषेचा आकडा शून्यापासून सुरू होतो का, तेही पाहा. ८० पासून सुरू केला तर ८४ आणि ८८मधला फरक दुप्पट दिसतो. खाली 'डेटा ऑन फाइल' (म्हणजे कंपनीकडेच असलेली, छापून न आलेली माहिती) असेल तर तो कागद वाचण्यात वेळ घालवू नका. 'सेफ' हा शब्द विनाअट वापरलेला दिसला, तर २०२४च्या औषध विपणन संहितेनुसार तसा वापरता येत नाही, हे एमआरला हसून सांगायला हरकत नाही.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे मोजलं काय. रिपोर्टमधला आकडा सुधारणं आणि माणूस सुधारणं या वेगळ्या गोष्टी आहेत. झटका येऊन गेलेल्यांच्या हृदयाचे अनियमित ठोके एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी कमी होत होते, म्हणून ती सर्रास दिली जात. मग अमेरिकेत 'कास्ट' ही चाचणी झाली आणि १९९१ साली पूर्ण निकाल आला: औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, रिकामी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. ठोके कमी झाले होते आणि माणसं जास्त दगावली होती. त्यामुळे 'एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) इतकी घट', 'हाडांची घनता इतकी वाढ' असं दिसलं की विचारा: झटका, फ्रॅक्चर, दवाखान्यात भरती, मृत्यू यांचं काय झालं?

जनऔषधीच्या प्रश्नावर जरा थांबू, कारण 'वीस टक्के कमी' या अफवेचं मूळ संख्याशास्त्रातच आहे. जेनेरिक गोळी मूळ गोळीसारखीच रक्तात उतरते का, हे पाहताना निरोगी स्वयंसेवकांना ठरावीक अंतरानं दोन्ही गोळ्या आलटून पालटून देतात. रक्ताचे नमुने घेऊन एकूण किती औषध शोषलं गेलं आणि सर्वाधिक पातळी किती गाठली, याची दोन्ही गोळ्यांची सरासरी ताडून पाहतात. नियम असा की त्या गुणोत्तराचा ९० टक्के सीआय, म्हणजे अख्खा पट्टा, ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसला पाहिजे. कुणीतरी यातला फक्त ८० उचलला. पण सरासरी ८० वर असती तर पट्ट्याचा खालचा भाग ८०च्या खाली गेला असता आणि गोळी नापास झाली असती. पट्टा आत बसायचा तर सरासरीला शंभराच्या जवळपास राहावंच लागतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं बारा वर्षांतल्या अशा २,०७० अभ्यासांचा हिशेब मांडला. एकूण शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला, सर्वाधिक पातळीतला साडेचारच्या आत. आणि गोळीत भरलेलं औषध किती, ही तपासणीच वेगळी; तिची मर्यादा फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथात, औषधागणिक ठरलेली असते आणि ती ब्रँडला आणि जेनेरिकला एकच लागू आहे.

आपल्याकडे मात्र एक खरी मेख आहे. कमी विरघळणाऱ्या वर्ग २ आणि ४ मधल्या औषधांना ही रक्तातली तपासणी एप्रिल २०१७पासून सक्तीची झाली. त्याआधी औषध बाजारात येऊन चार वर्षं झाली की राज्याच्या परवान्यासाठी ती लागत नव्हती. म्हणून जुन्या परवान्यांबद्दल शंका घ्यायला जागा आहे, पण ती जागा तुमच्या रॅकवरच्या महागड्या 'ब्रँडेड जेनेरिक'लाही तेवढीच लागू आहे. समोरच्या केंद्राबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात शंका पेरण्याचा मोह धंद्याला सोयीचा आहे हे कळतं. तरी तो टाळा. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, वॉरफरिन, थायरॉक्सिन अशा, रक्तातलं प्रमाण थोडं हललं तरी परिणाम बदलणाऱ्या औषधांच्या बाबतीत एवढंच सांगा की जिची सवय आहे ती कंपनी दर महिन्याला बदलू नका. बदललीच तर डॉक्टरांना कळवा आणि तपासणी करून घ्या.

आता हे सगळं कुणाला, किती सांगायचं? चुकीच्या मापात सांगितलेल्या खऱ्या आकड्यानंही घात होतो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९५मध्ये सरकारी समितीनं जाहीर केलं की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. सात हजारांत एकाऐवजी दोन, एवढाच त्याचा अर्थ होता. बायांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे तेरा हजार गर्भपात जास्त झाले. तेव्हा स्टेंट बसवलेल्या आजीसमोर 'सत्त्याण्णव जणांना काही फरक पडत नाही' हे वाक्य उच्चारू नका. ते तिच्याबद्दल नाहीच. शंका असेल तर 'गोळी चालू ठेवा, मी डॉक्टरसाहेबांना विचारून सांगतो' एवढंच. चिठ्ठीवरची गोळी परस्पर बदलून देता येत नाही. औषध नियमांतला ६५ (११ए) तुम्हाला पाठ असेलच.

डॉक्टरांशी बोलायचं ते ओपीडी संपल्यावर, आणि कागद पुढे सरकवून: "साहेब, यात शंभरात एकाचा फायदा निघतोय, माझा हिशेब बरोबर आहे का?" गिऱ्हाइकासमोर हा विषय काढलात तर हिशेब बरोबर असूनही संबंध बिघडतील.

कधी कधी आकडा आग्रहानं सांगावा लागतो. विदर्भात सिकलसेलची घरं आहेत, तुमच्याकडे हायड्रॉक्सियुरियाच्या चिठ्ठ्या येत असतील, आणि 'ते कॅन्सरचं औषध आहे' म्हणून घरचे लोक मधेच बंद करतात. १९९५ साली २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल छापून आला: वेदनेचे दौरे मध्यक मोजता रिकामी गोळी घेणाऱ्यांत वर्षाला साडेचार होते, औषध घेणाऱ्यांत अडीच. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी आधीच थांबवली. 'वर्षाचे दोन दौरे कमी' हे वाक्य मायबापाला लगेच कळतं. रक्ततपासणी ठरल्या वेळी झाली का, हे त्याच दमात विचारा. या औषधानं रक्तपेशी खाली जाऊ शकतात.

कोर्सचं म्हणाल तर तूर्त नको. फीचे पैसे राहू द्या. एमआरनं कागद दिला की मूळ शोधनिबंध आणि ते चार आकडे मागा. पुढच्या फेरीत आणतो म्हणाला तर वहीत लिहून ठेवा. तो आणेपर्यंत निबंधाचं नाव मोबाइलवर 'पबमेड' या शोधनिबंधांच्या सूचीत टाका. सारांश फुकट दिसतो आणि त्यातल्या निकालाच्या परिच्छेदात चारपैकी निदान दोन आकडे बहुधा सापडतातच. चाचणी भारतातली असेल तर 'सीटीआरआय' या सरकारी नोंदवहीत ती शोधा आणि मुख्य मोजमाप काय ठरवलं होतं ते पाहा. ठरवलं एक आणि कागदावर ठळक छापलं दुसरंच, असं दिसलं तर ठळक आकडा बाजूला ठेवा.

सुरुवात नव्या महाग औषधांपासून करू नका. तुमच्या रॅकवर सगळ्यात जास्त खपणाऱ्या बीपी-शुगरच्या दोन गोळ्या घ्या, त्यांचे चार-चार आकडे काढा, काळ लिहा, कोणत्या वयाच्या आणि कशा रुग्णांवर चाचणी झाली ते लिहा, आणि तो कागद काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. गुरुजी पुन्हा आले की त्यांच्याकडूनच भागाकार तपासून घ्या.